चरित्र की कैफियत? जॉन एरिक्सनच्या चरित्रलेखनाचा एक विचार

यंत्रज्ञाचे चरित्र लिहू पाहणाऱ्यापुढे एक अडचण पहिल्या पानापासून उभी असते. कवीच्या चरित्रात त्याची कविता येऊ शकते. सेनापतीच्या चरित्रात लढाई येऊ शकते. समाजसुधारकाच्या चरित्रात त्याचे वाद आणि त्याने सोसलेला छळ येऊ शकतो. यंत्रज्ञाने जन्मभर जे केले ते मात्र आराखड्यात आणि लोखंडात असते, आणि लोखंड काही पुस्तकात आणता येत नाही. यंत्राची रचना तपशिलाने सांगावी तर साधारण वाचक पुस्तक मिटून ठेवतो. न सांगावी तर चरित्रातून चरित्रनायकच निघून जातो. या पेचातून सुटण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे यंत्राऐवजी यंत्रावरून झालेल्या भांडणांची हकीकत सांगणे. भांडणात माणसे असतात, पत्रव्यवहार असतो, न्याय-अन्याय असतो; थोडक्यात, चरित्रकाराच्या ओळखीची सर्व सामग्री असते. यंत्रज्ञांची पुष्कळशी चरित्रे याच वाटेने गेली आहेत. विल्यम कॉनंट चर्च याने लिहिलेले आणि १८९० साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेले जॉन एरिक्सनचे चरित्र हा या प्रकाराचा एक ठळक आणि अनेक दृष्टींनी उत्कृष्ट नमुना होय. तो उत्कृष्ट आहे म्हणूनच त्यातील वैगुण्य तपासण्यासारखे आहे.

एरिक्सनचा जन्म ३१ जुलै १८०३ रोजी स्वीडनच्या व्हेर्मलंड प्रांतात, खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या यांच्या परिसरात झाला. वडील ओलोफ हे खाणकामावर देखरेख करीत. व्यवहारात बुडाल्यावर ते योता कालव्याच्या कामावर सुरुंग लावून खडक फोडण्याच्या खात्यात आले, आणि त्यामुळे नील्स आणि योहान या दोघा मुलांचे बालपण एका प्रचंड बांधकामाच्या सान्निध्यात गेले. कालव्याचा प्रवर्तक बाल्ट्झार फॉन प्लाटेन याने या भावांची बुद्धी हेरली आणि त्यांना स्वीडिश नाविक दलाच्या यांत्रिक पथकात उमेदवार म्हणून घेतले. योहान चौदाव्या वर्षी मोजणीदार म्हणून काम करू लागला. दुर्बिणीपर्यंत डोळा पोचावा म्हणून त्याला तिपाईवर उभे राहावे लागे. सतराव्या वर्षी तो पायदळात शिरला आणि उत्तरेकडील येम्टलंड प्रांतात मोजणीचे काम करू लागला. १८२६ मध्ये रजा घेऊन तो लंडनला गेला तो पुन्हा मायदेशी राहावयास आला नाही. १८३९ मध्ये तो न्यूयॉर्कला पोचला, १८४८ मध्ये अमेरिकेचा नागरिक झाला आणि ८ मार्च १८८९ रोजी त्याच शहरात वारला. जन्मभर लोक त्याला ‘कॅप्टन’ म्हणत. ही पदवी स्वीडिश पायदळातली, आणि तीही राजीनाम्याच्या वेळी मिळालेली. ज्याच्या एका जहाजाने नाविक युद्धाचे स्वरूप पालटले असे म्हणतात, त्याचा नाविक दलाशी सेवक म्हणून आलेला संबंध बालपणीच्या उमेदवारीपुरताच होता. पुढील सर्व आयुष्य तो नाविक दलाच्या दाराशी बाहेरून उभा राहिला: कधी प्रकल्प घेऊन, कधी बिल घेऊन.

चर्च हा स्वतः यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेला अधिकारी आणि १८६३ मध्ये स्थापन झालेल्या ‘आर्मी अँड नेव्ही जर्नल’ या पत्राचा संपादक होता. एरिक्सनची कागदपत्रे त्याच्या हाती आली आणि त्याने ती आस्थेने वापरली. पुढच्या प्रत्येक चरित्रकाराला या दोन खंडांवाचून गत्यंतर उरले नाही. परंतु कागदपत्रे ज्याची, दृष्टीही त्याचीच, असा काहीसा प्रकार येथे घडला आहे. पत्रे लिहिताना एरिक्सन बहुधा कोणाशी तरी हक्कासाठी भांडत असे. त्यामुळे पत्रांवर उभारलेले चरित्र आपोआप वादीच्या बाजूने मांडलेल्या कैफियतीचे रूप घेते. प्रत्येक प्रकरणात एक कल्पना, एक अडाणी किंवा हेकट अधिकारी, एक पराभव, आणि काळाने पुढे दिलेला अनुकूल निवाडा. वाचकाला न्यायाधीशाच्या आसनावर बसवून त्याच्यापुढे एकाच पक्षाचे साक्षीदार उभे केले जातात.

हे साक्षीदार खोटे आहेत असे मात्र नाही. ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल येथे आगगाडीच्या इंजिनांची जी स्पर्धा झाली तीत जॉन ब्रेथवेट आणि एरिक्सन यांचे ‘नॉव्हेल्टी’ हे इंजिन ताशी २८ मैलांच्या आसपास धावले आणि प्रेक्षकांचे लाडके ठरले. ते अवघ्या काही आठवड्यांत बांधलेले होते. नळी फुटली, मग बाष्पकाचा सांधा सुटला, आणि ५०० पौंडांचे बक्षीस स्टीव्हन्सनच्या ‘रॉकेट’ला मिळाले. १८३७ मध्ये एरिक्सनने स्क्रू प्रोपेलर लावलेल्या छोट्या आगबोटीने ब्रिटिश नौकाखात्याच्या अधिपतींची नाव टेम्स नदीतून ओढून नेली. अधिपतींनी सफर केली आणि शोध नाकारला; मागच्या बाजूने ढकलले जाणारे जहाज सुकाणूला दाद देणार नाही, असे खात्याच्या जाणकाराचे मत पडले. हे मत चुकीचे होते, आणि काही वर्षांतच त्याच खात्याला ते सोडावे लागले. पण या हकीकतीत एक गोष्ट विसरता कामा नये. प्रोपेलरचे एकस्व मागणारा एरिक्सन एकटा नव्हता. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याचे एकस्व ३१ मे १८३६ चे आहे, एरिक्सनचे १३ जुलै १८३६ चे. सहा आठवड्यांच्या अंतराने दोन अपरिचित माणसे एकाच गोष्टीपाशी येतात, तेव्हा प्रश्न ‘पहिला कोण’ हा नसून ‘त्या वर्षी ती कल्पना हवेत का होती’ हा असतो. कैफियतीला हा दुसरा प्रश्न परवडत नाही.

‘प्रिन्स्टन’ची हकीकत अधिक बारकाईने वाचण्यासारखी आहे, कारण तिचा धागा पुढे अनपेक्षित ठिकाणी वर येतो. अमेरिकन नाविक अधिकारी रॉबर्ट स्टॉक्टन याच्या भरवशावर एरिक्सन अमेरिकेला आला, आणि १८४३ मध्ये त्या नाविक दलाची स्क्रू प्रोपेलरवर चालणारी पहिली युद्धनौका पाण्यात उतरली. तिच्यावर दोन प्रचंड तोफा होत्या. एक एरिक्सनच्या आराखड्याप्रमाणे इंग्लंडमध्ये घडविलेली. तिच्या बुडाभोवती मजबुतीसाठी लोखंडी कडी तापवून बसविली होती. दुसरी ‘पीसमेकर’, म्हणजे शांतिकर्ती, ही स्टॉक्टनने स्वतः करवून घेतलेली. धातूने जड, पण तशा कड्यांवाचून. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी पोटोमॅक नदीवर शेकडो पाहुण्यांच्या समक्ष ती फुटली. परराष्ट्रमंत्री, नौकामंत्री आणि आणखी चार माणसे जागीच ठार झाली. राष्ट्राध्यक्ष टायलर डेकच्या खाली होते म्हणून वाचले. चौकशीच्या वेळी एरिक्सन वॉशिंग्टनला गेला नाही. स्टॉक्टनने दोषाचा बराच भाग त्याच्यावर ढकलला आणि त्याच्या कामाच्या मोबदल्याची वाट अडविली. ते पैसे एरिक्सनला हयातीत मिळाले नाहीत.

चर्चच्या दृष्टीने ही एका थोर माणसावर झालेल्या अन्यायाची गोष्ट आहे, आणि तशी ती आहेच. तथापि, त्या स्फोटाचा आणखी एक परिणाम झाला. मोठ्या तोफांबाबत अमेरिकन नाविक दल पराकाष्ठेचे सावध बनले. तोफांची घडण आणि त्यांत भरावयाची दारू या दोहोंवर कडक मर्यादा आल्या. अठरा वर्षांनी ‘मॉनिटर’ लढाईला उभी राहिली तेव्हा तिच्या ११ इंची तोफांना एका वेळी १५ पौंडांहून अधिक दारू भरण्यास मनाई होती. पुढील चाचण्यांत त्या जातीच्या तोफा दुप्पट दारूही सहन करतात असे दिसून आले. म्हणजे ९ मार्च १८६२ रोजी शत्रूचे चिलखत फुटले नाही, याचे एक कारण १८४४ च्या त्या दुपारी शोधावे लागते. भांडणाच्या इतिहासात ‘प्रिन्स्टन’चे प्रकरण न मिळालेल्या मोबदल्यापाशी संपते, यंत्राच्या इतिहासात ते हॅम्प्टन रोड्सपर्यंत चालू राहते. त्या स्फोटात मेलेल्या सहा जणांत आर्मिस्टेड नावाचा टायलर यांचा गुलाम नोकर होता. बाकीच्या पाच जणांची पदे वा ओळखी वर्णनात सहसा दिल्या जातात, याची केवळ संख्येत भर पडते. हा तपशील येथे नोंदविण्याचे कारण पुढे येईल.

‘मॉनिटर’ हा कोणत्याही एरिक्सन-चरित्राचा मध्यबिंदू. यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्यांनी ‘मेरिमॅक’ या जळक्या जहाजाच्या सांगाड्यावर लोखंडी कवच चढवून ‘व्हर्जिनिया’ ही चिलखती नौका बांधावयास घेतली, तेव्हा उत्तरेच्या नौकाखात्याने घाईघाईने प्रस्ताव मागविले. कॉर्नेलियस बुशनेल हा दुसऱ्याच एका जहाजाविषयी सल्ला घेण्यासाठी एरिक्सनकडे गेला होता. एरिक्सनने त्याला एक जुनी पेटी उघडून आपल्या कल्पनेची प्रतिकृती दाखविली. तसाच आराखडा त्याने १८५४ मध्ये फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनकडे धाडला होता. ४ ऑक्टोबर १८६१ रोजी २,७५,००० डॉलरांचा करार झाला. जहाज अपेशी ठरल्यास पैसे परत, अशी त्यात अट होती. २५ ऑक्टोबरला पाठीचा कणा बसविला गेला आणि ३० जानेवारी १८६२ रोजी, म्हणजे शंभर दिवसांच्या आत, जहाज पाण्यात उतरले. पाण्याबरोबर सपाट डेक. त्यावर आतून २० फूट व्यासाचा, ९ फूट उंचीचा, इंच-इंच जाडीचे आठ पत्रे जोडून केलेला फिरता बुरूज. त्यात दोन तोफा. बाकी सर्व काही पाण्याच्या पातळीखाली: भट्टी, यंत्र, स्वयंपाक, बिछाने, माणसे.

या शंभर दिवसांचे वर्णन करताना चरित्रकारांची लेखणी उत्साहाने धावते, आणि तिचा रोख एकाच टेबलाकडे राहतो. एरिक्सन रात्रंदिवस आराखडे काढीत होता, हे खरे. पण जहाजाचा सांगाडा ब्रुकलिनमधील ग्रीनपॉइंट येथे एका कारखान्यात तयार होत होता, बुरूज न्यूयॉर्कच्या दुसऱ्या कारखान्यात, यंत्र तिसऱ्यात. लोखंडी पत्रे आणखी अनेक ठिकाणांहून येत होते. एकाच्या मापाला दुसऱ्याचे माप जुळले याचे श्रेय आराखड्याच्या अचूकपणाला आहे तितकेच ते वाचून लोखंड कापणाऱ्यांनाही आहे. फिरत्या बुरुजाच्या कल्पनेवर थिओडोर टिंबी या अमेरिकनाचा हक्क आधीचा होता आणि एरिक्सनच्या भागीदारांना त्याला मोबदला द्यावा लागला. इंग्लंडमध्ये कूपर कोल्स स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपाशी पोचला होता. मुंबईशी आलेला संबंध या बाबतीत उद्बोधक आहे. अमेरिकेतील नाकेबंदीमुळे दक्षिणेचा कापूस अडला आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत पैशाचा जो पूर आला, तो पुढे १८६५ च्या सट्टेबाजीच्या कोसळण्यात संपला, हे प्रसिद्धच आहे. ती नाकेबंदी टिकविण्याच्या कामी ‘मॉनिटर’चा वाटा होता. त्यानंतर मुंबई बंदराच्या रक्षणासाठी ‘मॅग्डाला’ आणि ‘ॲबिसीनिया’ या बुरूजधारी नौका इंग्लंडमध्ये बांधविल्या गेल्या. त्यांना ‘मॉनिटर’ याच जातिवाचक नावाने ओळखले जाई. पण त्यांचे बुरूज कोल्सच्या पद्धतीचे होते. नाव एकाचे आणि रचना दुसऱ्याची, हा प्रकार एकट्या प्रतिभावंताच्या चरित्रात कोठे बसवावयाचा?

लढाईची हकीकत सर्वश्रुत आहे. ८ मार्च १८६२ रोजी ‘व्हर्जिनिया’ने हॅम्प्टन रोड्स येथे ‘कंबरलँड’ आणि ‘काँग्रेस’ या लाकडी युद्धनौकांचा नाश केला. दोनशेहून अधिक माणसे मेली. त्याच रात्री ‘मॉनिटर’ तेथे पोचली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही लोखंडी नौका सुमारे चार तास एकमेकींवर गोळे झाडीत राहिल्या. कोणीच बुडाले नाही. हा निकाल काय म्हणावयाचा, यावर तेव्हापासून वाद आहे. नॅथॅनिएल हॉथॉर्न याने त्या वसंतात ही नौका प्रत्यक्ष पाहिली आणि ‘अटलांटिक मंथली’च्या जुलै १८६२ च्या अंकात तिच्याविषयी लिहिताना जुन्या शौर्याचा काळ सरल्याची खंत केली. हर्मन मेल्व्हिलने १८६६ च्या आपल्या युद्धकवितांत या लढाईला स्थान दिले; वीराची जागा कारागीर घेणार, ही जाणीव त्यालाही झाली होती. त्या साहित्यिकांनी एका दृष्टीने चर्चच्याही पुढचे पाहिले. यंत्र आले की माणसाचे काय होते, हा प्रश्न त्यांनी विचारला. मात्र दोघेही बाहेरून पाहणारे. त्यांनी माणूस यंत्रात विरून गेला असे मानले. तो आत बसून काय करीत होता, हे त्यांना विचारता आले नाही.

ते सांगणारे दोन साक्षीदार होते. त्यांची जबानी छापून यावयास मात्र फार काळ लागला. विल्यम कीलर हा ‘मॉनिटर’वरील पगार व हिशेब सांभाळणारा अधिकारी, त्याने पत्नीला लिहिलेली पत्रे १९६४ मध्ये पुस्तकरूपाने आली. जॉर्ज गीअर हा यंत्रखात्यातला आगवाला. त्याची पत्रे २००० साली प्रसिद्ध झाली. याच वर्षी डेव्हिड मिंडेल याने ‘मॉनिटर’वरील युद्ध आणि अनुभव यांच्यावरील आपल्या अभ्यासात हा आतला दृष्टिकोन प्रथमच नीट मांडला. ही पुस्तके हाती घेऊन चर्चचे खंड पुन्हा वाचले असता तीच वाक्ये वेगळी वाटू लागतात.

एक उदाहरण पुरे आहे. अग्नीला यंत्राने वारा घालणे ही एरिक्सनची आवडती युक्ती. ‘नॉव्हेल्टी’च्या भट्टीला भात्याने हवा मिळत असे; ‘प्रिन्स्टन’च्या बाष्पकांना पंख्यांनी; ‘मॉनिटर’मध्ये तर भट्टीला आणि माणसाला एकाच यंत्राने हवा पुरवावयाची होती. रेनहिलपासून हॅम्प्टन रोड्सपर्यंत ३२ वर्षे टिकलेली ही कल्पना म्हणजे एरिक्सनच्या बुद्धीचा खरा धागा. एखाद्या कवीच्या प्रतिमासृष्टीत एक प्रतिमा पुनःपुन्हा यावी, तशी ती येते. चरित्रकाराने तिचा मागोवा घेतला असता तर भांडणांची गरज उरली नसती. आता कीलर काय सांगतो ते पाहावे. ६ मार्चला न्यूयॉर्क सोडल्यावर वादळ झाले. पाणी हवेच्या नळांतून आत शिरले, पंखे फिरविणारे पट्टे भिजून निसटले, हवा थांबली. भट्टीला ओढ राहिली नाही आणि विषारी वायू यंत्राच्या खोलीत साचला. आतली माणसे बेशुद्ध पडली. कीलर स्वतः खाली उतरून त्यांना बाहेर काढण्यास लागला. दौतीशी आणि हिशेबाच्या वह्यांशी संबंध असलेला हा माणूस! आराखड्यात जे श्वसन होते ते येथे गुदमरणे झाले. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात जेम्स नदीत नांगरलेल्या याच जहाजाच्या पोटातील उष्म्याने गीअर आणि त्याचे सोबती हैराण झाले. आराखडा चुकीचा नव्हता. त्यात मनुष्य हा मापापुरता घेतलेला होता, एवढेच.

बुरुजाच्या आतही हेच. नौकेचा कप्तान जॉन वॉर्डन पुढच्या सुकाणूगृहात, तोफा मागे बुरुजात. मधली बोलण्याची नळी तुटली, तेव्हा कीलर आणि आणखी एक जण निरोप घेऊन धावत राहिले. दिशा कळावी म्हणून बुरुजाखालच्या स्थिर डेकवर काढलेल्या पांढऱ्या खुणा पुसल्या गेल्या. बुरूज एकदा फिरू लागला की थांबविणे कठीण, थांबला की फिरविणे कठीण. सुकाणूगृह बुरुजाच्या समोर असल्याने सरळ पुढे तोफ डागता येत नसे. आणि त्या सुकाणूगृहावरच गोळा आदळून वॉर्डनच्या डोळ्यांना इजा झाली. सुकाणूगृह बुरुजाच्या माथ्यावर नेण्याची सुधारणा एरिक्सनने पुढच्या ‘पसेइक’ वर्गाच्या नौकांत केली. त्याने दोष मान्य केला असा याचा अर्थ होतो. तरी ‘मॉनिटर’पुरते त्याचे उत्तर वेळ नव्हता हे होते. हे उत्तर खोटे नाही. परंतु वेळ नसणे हे ज्याच्या आराखड्याला लागू, ते त्या आराखड्यात चार तास काढणाऱ्याला अधिकच लागू.

एरिक्सनवर अन्याय होऊ नये म्हणून सांगणे अवश्य आहे की, अधिकाऱ्यांच्या खोल्यांची सजावट त्याने पदरचा पैसा खर्चून केली होती, आणि कीलरला तिचे कौतुक वाटले होते. माणसांविषयी तो उदासीन होता असे नव्हे. १८६७ च्या सुमारास स्वीडनमध्ये दुष्काळ पडला तेव्हा त्याने मदत पाठविली. १८६५ मध्ये स्वीडनच्या पहिल्या मॉनिटर नौकेला त्याचे नाव दिले गेले, तेव्हा तिच्यासाठी त्याने दोन १५ इंची तोफा भेट दिल्या. पण प्रेम व्यक्त करण्याची ही रीतही लक्षात घेण्याजोगी आहे.

त्याच्या खाजगी जीवनाविषयी चरित्रपरंपरेचा निष्कर्ष ठरलेला आहे: कामाने माणूस गिळला. अमेलिया बायम हिच्याशी १८३६ मध्ये विवाह झाला. न्यूयॉर्क तिला मानवले नाही आणि ती इंग्लंडला परत गेली, ती तेथेच १८६७ मध्ये वारली. त्यापूर्वी स्वीडनमध्ये १८२४ मध्ये एक अनौरस मुलगा झाला होता, ह्यालमार एल्वर्थ. तो आजीकडे वाढला, पुढे स्वीडनच्या रेल्वेत मोठा अभियंता झाला, आणि बापाला भेटण्यासाठी १८७६ मध्ये अमेरिकेला आला, तेव्हा त्याचे वय ५१-५२ होते. भाऊ नील्स मायदेशीच राहिला. त्याने ट्रोलहेटनचे नवे बांध उभारले, सरकारी रेल्वेचे जाळे आखले आणि सरदारकी मिळविली. दोघा भावांच्या यशाची तुलना चरित्रकारांना मोह घालते, आणि तीत स्थलांतरित भाऊ नेहमी उजवा ठरविला जातो. वस्तुतः नील्सच्या कामांत दररोज हजारो माणसे ये-जा करीत असत. योहानच्या कामांचे भाग्य तसे नव्हते. तप्त हवेवर चालणारे ‘एरिक्सन’ जहाज, चौदा फूट व्यासाच्या सिलिंडरांसह, १८५३ मध्ये समुद्रात उतरले, वेग कमी पडला, एप्रिल १८५४ मध्ये वादळात बुडाले आणि वर काढून वाफेवर चालविले गेले. त्याच तत्त्वावरच्या छोट्या यंत्रांना मात्र हजारोंनी गिऱ्हाईक मिळाले. या छोट्या यंत्रांविषयी चरित्रांत फारसे कोणी बोलत नाही; त्यांवरून भांडण झाले नाही.

१८६४ पासून मृत्यूपर्यंत तो बीच स्ट्रीटवरील एका घरात राहिला. समोर सेंट जॉन्स पार्क हे उद्यान होते. १८६७ मध्ये ते रेल्वेने घेतले आणि तेथे मालाचे गोदाम उभे राहिले. शेजारपाजारचे संपन्न लोक निघून गेले. एरिक्सन राहिला. तेथेच त्याने सूर्याच्या उष्णतेवर यंत्र चालविण्याचे प्रयोग केले. या विषयाचा ध्यास त्या दशकात मुंबईतही होता: विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने कुलाब्याला आरशांच्या साहाय्याने पाणी उकळवून यंत्र चालविले आणि १८७८ मध्ये मुंबईतच त्यावर पुस्तक छापले. फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात आपल्याला स्थान मिळाले नाही म्हणून एरिक्सनने १८७६ मध्ये स्वखर्चाने एक मोठा ग्रंथ छापला, त्यात आपली यंत्रे आणि सौर संशोधन आकृत्यांसह मांडले. तो ग्रंथ म्हणजेच त्याचे आत्मचरित्र समजावयास हरकत नाही, आणि चरित्रकारांनी तो तसा वाचला नाही ही मोठीच उणीव होय. आपल्या आयुष्यातील महत्त्वाच्या गोष्टी कोणत्या, याचे उत्तर तेथे त्याने स्वतः दिले आहे; मत्सर, अन्याय आणि मोबदला यांपेक्षा तेथे चाके, तोफा आणि किरण यांना अधिक पृष्ठे मिळाली आहेत. चर्चचा एरिक्सन आणि या ग्रंथातला एरिक्सन ही दोन वेगळी माणसे वाटतात. पहिला जन्मभर फिर्याद करतो. दुसरा काही मागत नाही, फक्त दाखवितो.

विसाव्या शतकात कैफियतीची जागा गौरवाने घेतली. रूथ व्हाइटच्या १९६० च्या चरित्राचे नावच ‘स्वीडनचा यांकी’ अशा अर्थाचे आहे. दोन देशांना एका माणसात जोडण्याची हौस त्यातून दिसते. वॉशिंग्टनमध्ये १९२६ साली जेम्स अर्ल फ्रेझरने घडविलेले स्मारक उभे राहिले: बसलेला एरिक्सन आणि त्याच्या पाठीमागे नॉर्स पुराणातील विश्ववृक्षाभोवती दृष्टी, साहस आणि श्रम यांच्या मूर्ती. श्रमाची मूर्ती लोखंड ओतणाऱ्या कामगाराची आहे. शिल्पकाराला सुचलेली ही गोष्ट चरित्रकारांना उशिरा सुचली, असे म्हणणे भाग आहे. अर्थात तो कामगारही तेथे रूपक म्हणूनच उभा आहे. स्वीडनमध्ये १९३७ साली निघालेल्या चित्रपटाने तर एरिक्सनला हॅम्प्टन रोड्सचा विजेता अशी पदवीच शीर्षकात देऊन टाकली. त्या दिवशी तो न्यूयॉर्कला होता. लढाईत विजय कोणाचा झाला हे अजून ठरलेले नाही. पण तो तेथे नसलेल्या माणसाचा झाला, एवढे मात्र या शीर्षकाने ठरवून टाकले.

मृत्यूनंतर १८९० मध्ये अमेरिकन नाविक दलाच्या ‘बाल्टिमोर’ नौकेने त्याचे शव स्वीडनला पोचविले आणि फिलिपस्टाड येथे त्याचे दफन झाले. चर्चचे खंड त्याच वर्षीचे. ‘मॉनिटर’चे चरित्र मात्र तेथे संपले नाही, आणि त्याचे पुढचे प्रकरण एरिक्सनच्या कोणत्याही टीकाकारापेक्षा अधिक बोलके आहे. एरिक्सनच्या रचनेत बुरूज डेकवरील पितळी कड्यावर केवळ स्वतःच्या भाराने बसत असे. फिरविण्यापूर्वी तो खालून पाचर मारून किंचित उचलावा लागे. भार एवढा की सांध्यातून पाणी येणार नाही, असा त्याचा विश्वास होता. पहिल्या प्रवासाआधी गोदीतील लोकांनी त्या फटीत काथ्या कोंबला. तो वाहून गेला आणि पाणी आत धबधब्यासारखे कोसळले. काथ्या कोंबला हाच दोष, असे एरिक्सनने शेवटपर्यंत प्रतिपादन केले. ३१ डिसेंबर १८६२ रोजी हॅटेरस भूशिराजवळ जहाज बुडाले आणि १६ माणसे गेली. १९७३ मध्ये त्याचा सांगाडा समुद्रतळाशी सापडला, तेव्हा असे दिसले की जहाज बुडताना उलटले होते. केवळ भाराने बसलेला बुरूज त्यामुळे निसटून आधी तळाला गेला आणि मग सांगाडा त्याच्यावर येऊन टेकला. ५ ऑगस्ट २००२ रोजी बुरूज वर काढला गेला. तोफा आतच होत्या. गाळात दोन खलाशांचे सांगाडे होते. त्यांची नावे निश्चित करता आली नाहीत, आणि ८ मार्च २०१३ रोजी आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. बुरूज न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स संग्रहालयात नेण्यात आला. एरिक्सनचे यापुढचे चरित्र लिहिणाऱ्याला चर्चचे दोन खंड, १८७६ चा आकृतिग्रंथ, कीलर व गीअर यांची पत्रे आणि हा बुरूज, इतकी साधने एकत्र पाहता येतील; चर्चपाशी यांतली पहिली दोनच असण्याचा संभव होता.